स्वच्छ सिग्नल, एक दिवस सोडला तर

९ नोव्हेंबर, रविवार. दुपारी साडेतीन. औराद, तुमची माडी.

हजर: अक्का, माझी थोरली बहीण. खाजाभाई, टीव्ही-रेडिओ दुरुस्तीवाले, ज्यांनी तुमच्या अँटेनाची तार चिंचेवर चढवली आणि वाऱ्याने पाडल्यावर दर वेळी शिव्या देत पुन्हा चढवली. शरणप्पा मास्तर, कलबुर्गीहून सकाळच्या बसने आलेले. त्यांचा आवाज मी अकरा वर्षं ऐकते आहे, तोंड त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. आणि मी. तुमचं नाव कोणत्या रकान्यात घालायचं ते ठरेना, म्हणून तेवढी जागा मोकळी सोडली.

दाजी, तुम्हाला जाऊन तेव्हा पंधरा दिवस झाले होते. आज त्यावर आणखी एक आठवडा गेला. या आठवड्यात काय काय उरकलं ते आधी सांगते, म्हणजे तुम्हाला घोर राहणार नाही. दुकानात वाइंडिंग भरायला आलेल्या, पाण्याच्या पंपांच्या अकरा मोटारी होत्या. प्रत्येकीला तुमच्या हातची चिठ्ठी बांधलेली होती, त्यामुळे मालक लगेच सापडले. सात भरून तयार होत्या, त्या ज्याच्या त्याला पोचवल्या. चार अर्धवट होत्या, त्या उदगीरच्या कारागिराकडे दिल्या. तुमच्या हॅम रेडिओच्या परवान्याचं पत्र दिल्लीला गेलं. अँटेनाची दोरी कुजली होती, ती बदलली.

सगळं यादी करून केलं. तुम्हाला माझ्या याद्यांचं हसू यायचं. "आमची मेहुणी सरणावर चढताना बी यादी घिऊन चढंल, लाकडं मोजून घेईल," असं तुम्ही माझ्या नवऱ्यादेखत, भर जेवणाच्या पंगतीत म्हणाला होतात. पण रेडिओची स्पर्धा आली की याच मेहुणीच्या दारात उभे राहायचात. कारण स्पर्धा म्हणजे शेवटी यादीच. दोन दिवसांत जगातल्या जितक्या स्टेशनांशी बोलता येईल तितक्यांशी बोलायचं, आणि प्रत्येकाचं नाव, वेळ, दिलेला आकडा, घेतलेला आकडा लिहून ठेवायचा. बोलणारे तुम्ही, लिहिणारी मी. पुढे तुम्ही मला परीक्षेला बसवलंत आणि मलाही परवाना मिळाला. तरी बरीच वर्षं मी माइकपेक्षा वहीलाच धरून होते.

पहिल्यांदा तुम्ही माझ्या कानाला हेडफोन लावलात तेव्हा मी अक्काकडे पापड लाटायला आले होते. "ये हेडक्लार्क, पाच मिनिटं ऐकून जा." कॉलेजच्या ऑफिसात काम करते म्हणून हे नाव तुम्हीच ठेवलेलं. दिवस कलला होता. तुम्ही म्हणालात, "अंधार आधी पूर्वेला पडतोय. पडला की तिकडचे आवाज उठून बसतेत. आता बघ." आणि ते मोठं गोल बटण बोटाच्या टोकाने जरासं फिरवलंत.

जपान. थायलंड. ऑस्ट्रेलिया. शेकडो माणसं एकाच वेळी आपापलं नाव सांगत होती. कुणी घाईत, कुणी गाणं म्हटल्यासारखं, कुणी चिडून. औरादचा आठवडी बाजार दुरून ऐकावा तसा गलबला. फक्त हा बाजार समुद्रापलीकडे भरला होता आणि चिंचेला बांधलेल्या एका तारेवरून आपल्या माडीत उतरत होता. खालून अक्का ओरडत होती की पिठाचा गोळा सुकायलाय. मला ऐकू आलं नाही. पस्तीस वर्षं मी या गावावरून गेलेलं आभाळ रिकामं समजत होते.

मग तुम्ही मला त्या गर्दीच्या खालचं ऐकायला शिकवलंत. हे मला फार उशिरा जमलं. दोन दणदणीत आवाजांच्या मधे, अगदी तळाशी, एक बारीक आवाज होता. "ह्यो माणूस फार तर एका बल्बाच्या ताकदीवर बोलायलाय," तुम्ही म्हणालात, "पण कसा स्वच्छ हाय बघ. दांडाबाहेर थेंब न्हाई." रेडिओबद्दलचं तुमचं सगळं बोलणं शेतातल्या पाण्यावरूनच यायचं. प्रत्येकाच्या आवाजाला हवेत एक दांड, म्हणजे पाण्याचा पाट, असतो. त्यात मावेल तेवढंच पाणी सोडायचं. हावरटपणा करून माइकचा गेन, म्हणजे आवाजाचा जोर, वाढवला की दांड फुटतो. आपल्या उसाला काही जास्त मिळत नाही, शेजाऱ्याची तूर मात्र नासते. स्पर्धेत हेच होतं. जो तो लांब पोचायला गेन वाढवतो, आणि त्याच्या आवाजाची खरखर आजूबाजूच्या चार जणांच्या जागेत सांडते. तळाशी बोलणारा तो बारीक माणूस त्याखाली बुडून जातो, आणि बुडवणाऱ्याला त्याचा पत्ताही नसतो.

तुमचा कान कशाचा होता, दाजी? मोटारीच्या अंगाला स्क्रूड्रायव्हरचं टोक आणि मूठ कानाला लावून तुम्ही त्या चिंताकीच्या शेतकऱ्याला सांगितलं होतंत, "बेरिंग आठ दिवस काढंल. नवव्या दिवशी बोंबलत येशील." तो दहाव्या दिवशी आला आणि म्हणाला, "मालक, एक दिवस चुकलं तुमचं." तुम्ही मान वर न करता म्हणालात, "मंगळवारी तुमच्याकडं लाइट न्हवती."

हवेतही तोच कान. डोळे मिटून ऐकायचात आणि निदान सांगायचात. हा घुमायलाय, ह्याच्या पॉवर सप्लायचं कंडेन्सर गेलंय. हा कोंबडीच्या पिलागत चिवचिवायलाय, ह्याला बोलताना व्होल्टेज पुरंना. एका इंडोनेशियाच्या माणसाला तुम्ही भर स्पर्धेत थांबवून तुमच्या त्या इंग्रजीत कंडेन्सर बदलायला सांगितलंत. मी वहीवर पेन आपटत होते. तीन महिन्यांनी त्याचं कार्ड आलं, वर होड्यांचं चित्र, मागे एकच ओळ: कंडेन्सरच होतं, धन्यवाद. औरादमध्ये बसून, समुद्रापलीकडच्या एका घरातलं, एका पेटीतलं, बोटाएवढं बिघडलेलं कंडेन्सर तुम्ही नुसतं ऐकून ओळखलंत. ते कार्ड मी अजून अधूनमधून हातात घेऊन बघते. मला ते नीट समजलेलं नाही, आणि समजू नये असंच वाटतं.

आपलं भांडण मात्र फाइव्ह नाइनवरून. समोरच्याचा आवाज कसा येतो ते आकड्यांत सांगायचं असतं. पाचपैकी किती कळतो, नऊपैकी किती जोरात येतो. स्पर्धेत मात्र सगळं जग डोळे झाकून सगळ्यांना फाइव्ह नाइन देतं, वेळ वाचतो म्हणून. आवाज ऐकू येत नसला, नाव चारदा विचारावं लागलं, तरी फाइव्ह नाइन. तुम्ही एकटे खरं सांगायचात.

"फाइव्ह थ्री," तुम्ही एका जपानी माणसाला म्हणालात.

"फाइव्ह नाइन?"

"नो सर. फाइव्ह थ्री."

"अगेन? फाइव्ह नाइन?"

"थ्री, थ्री. वीक सर, बट व्हेरी नाइस."

तो बिचारा गोंधळून दुसऱ्याकडे वळला. मी म्हणाले, "दाजी, एवढ्या वेळात चौघं झाले असते. रिवाज आहे तो. लग्नात जेवण कसं झालं विचारलं तर कुणी मीठ कमी होतं म्हणतं का?"

"म्हणूनच पुढल्या लग्नात बी कमीच पडतंय," तुम्ही म्हणालात.

अकरा वर्षांत या भांडणाचा निकाल लागला नाही. तुमची बाजू बरोबर आहे हे मला कळत होतं. पण स्पर्धेचा निकाल आला की आपण कुठेतरी तळाला, आणि यादीत तळाला असणं मला सोसत नाही.

आता त्या रविवारचं. दोन वर्षं झाली. स्पर्धेचा दुसरा दिवस, साडेचार वाजलेले. चिंताकीहून फोन आला की कुणाचा तरी स्टार्टर जळाला आणि थ्री फेज लाइट सहालाच जाणार आहे. तुम्ही उठलात. "मंगल, बैस तू. बोलत ऱ्हा, काडी लाल पट्ट्याला टेकू दिऊ नको. मी आलोच." काडी म्हणजे मीटरचा काटा. तो लाल पट्ट्यात गेला की समजायचं, दांड फुटला.

पहिली पंधरा मिनिटं मी हाका मारत होते आणि कुणीही वळून बघत नव्हतं. मग मी गेन वाढवला. थोडा. मग आणखी थोडा. मग आवाज दाबून भारी करणारं कॉम्प्रेसरचं बटणही लावलं. काटा लाल पट्ट्याला टेकला आणि तिथेच राहिला. आणि लोक यायला लागले. जपानी रांगेत उभे होते. मी बोलत होते, लिहीत होते, पान उलटत होते. अक्का चहा घेऊन आली, "किती वरडायलीस गं, गल्ली ऐकायली," म्हणून कप ठेवून गेली. चहावर साय आली. इतकी झिंग मला आयुष्यात कशाची आली नव्हती.

मधेच शरणप्पा मास्तरांचा आवाज आला. ते हिंदीत, अगदी अदबीने म्हणाले, "मॅडम, आपका ऑडिओ फैल रहा है. नीचे एक वीक स्टेशन है, सुनाई नहीं दे रहा." मी म्हणाले, "फाइव्ह नाइन, थँक यू," आणि पुढच्याला घेतलं. ते पुन्हा आले. मी पुन्हा पुढे गेले. तिसऱ्यांदा ते आले नाहीत. मी स्वतःला समजावलं की त्यांना माझी जागा हवी आहे. स्पर्धेत लोक असं बोलून दुसऱ्याला हुसकावतातच. पण खाली तुमच्या मोटरसायकलचा आवाज आला तेव्हा मी आधी काय केलं? गेन आणि कॉम्प्रेसर, दोन्ही जागच्या जागी आणून ठेवले. म्हणजे मला सगळं कळत होतं. मास्तरांचं बोलणं मी वहीत लिहिलं नाही. अकरा वर्षांत न लिहिलेली तेवढी एकच गोष्ट.

तुम्ही हात-पाय धुऊन वर आलात. बटणांकडे पाहिलंही नाहीत. वही उचललीत, पानं मोजलीत आणि म्हणालात, "वा हेडक्लार्क! लई लांब गेला की आवाज तुझा." पुढे महिनाभर तुम्ही दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला ते सांगत होतात. मोटार भरायला आलेला माणूस निमूट ऐकून घ्यायचा. मी तिथे असले की कामाचं निमित्त काढून उठायचे. तुम्हाला वाटलं असेल, लाजते.

मागच्या रविवारी तुमच्या माडीवर मास्तर बसले होते. त्यांची आई हुलसूरची, म्हणून मराठी चांगलं बोलतात, फक्त कन्नडमधला आदराचा 'री' मधे मधे येतो. खाजाभाई म्हणाले, "साब का कान, कान नै था. मीटर था, मीटर." मास्तर म्हणाले, "कानाचं सोडा री. सिग्नल बघा. बिदर-कलबुर्गी भागात त्यांच्याएवढं स्वच्छ सिग्नल कुणाचं न्हवतं. एक दिवस सोडला तर."

अक्काने विचारलं, "कोणता दिवस?"

तेव्हा त्यांनी सांगितलं. प्रशांत महासागरातल्या एका चिमुकल्या बेटावरून एक माणूस लहानशा सेटवर बोलत होता. मास्तर तीन दिवस त्याच्या मागे होते. रोज दिवस बुडताना दोन-चार मिनिटंच तो वर यायचा. पहिल्या दिवशी नावातली दोन अक्षरं कळली, दुसऱ्या दिवशी आणखी एक. तिसऱ्या दिवशी तो माणूस बेट सोडून जाणार होता. मास्तरांनी चाळीस वर्षांत त्या बेटावरचा आवाज ऐकला नव्हता. नेमक्या त्याच वेळी शेजारून आपलं, म्हणजे माझं, पाणी आलं.

"मग मी दाजींना फोन लावला," मास्तर म्हणाले. "ते चिंताकीहून यायले होते, गाडी बाजूला घेऊन बोलले. म्हणाले, मास्तर, चूक माझी. गेन मी वाढवून ठेवून आलो. मेहुणी नुसती बोलायली, तिला काय ठाऊक. तुमचं बोलणं बी गर्दीत तिला ऐकू आलं नसंल. माफी करा." मग मास्तर माझ्याकडे वळून हसले. "तुम्ही कशाला तोंड पाडता री? तुमचा काय दोष? गेलं ते बेट. हवेतलंच होतं."

मी उठले आणि त्यांच्या कपात आणखी चहा ओतला. कप भरलेलाच होता.

दाजी, तुम्ही गेन कधीही वाढवून ठेवला नव्हता. म्हणजे तो कुणी वाढवला, हे तुम्हाला चिंताकीच्या रस्त्यावर, गाडी बाजूला घेतली त्याच क्षणी कळलं होतं. कळूनही तुम्ही वर आलात, वही उचललीत आणि वा म्हणालात.

मग मला त्या स्पर्धेनंतरचा रविवार आठवला. तुम्ही मला एक छोटा रिसिव्हर देऊन गच्चीवर बसवलं होतंत. सेटला खरी अँटेना न लावता तेलाच्या डब्यात बुडवलेला रेझिस्टर जोडला होतात, म्हणजे आवाज गावाबाहेर जायला नको. खालून तुम्ही बोलत होतात आणि हळूहळू गेन वाढवत होतात. "मंगल, माझी चूक ऐक. आता कुठपातूर सांडायलोय? लिहून घे." मी बटण फिरवत लिहीत गेले. तुमचा एवढा नितळ आवाज फाटत गेला, फुगला, शेजारच्या जागेत घुसला, मग त्याच्या शेजारच्या. मला वाटलं, काहीतरी प्रयोग चालू आहे. दाजी, तुम्ही माझी चूक स्वतःच्या आवाजात करून दाखवत होतात. अर्धा तास. शेवटी विचारलंत, "कळलं का?" मी म्हणाले, "हो, पाच ठिकाणी सांडतंय." तुम्ही म्हणालात, "बास."

मी माणसं पाहिली आहेत. ऑफिसात पंचवीस वर्षं काढली. दुसऱ्याची चूक पोटात घालणारी माणसं थोडी असतात, पण असतात. पोटात घालून, वर त्या माणसाला कळू न देता ती चूक दुरुस्त करायला शिकवणारा मी दुसरा पाहिला नाही. त्या इंडोनेशियाच्या कार्डापेक्षाही मला याचं नवल जास्त वाटतं. कंडेन्सर तुम्ही कानाने ओळखलंत. मला कशाने ओळखलंत?

कारण ओळखलं होतंत, हे नक्की. तुम्ही रागावला असतात तर मी आधी भांडले असते, मग वही मिटली असती आणि त्या माइकला आयुष्यात पुन्हा हात लावला नसता. हे मलाही परवापर्यंत माहीत नव्हतं.

तरी माझी तक्रार आहेच. तुम्ही जपानला खरं सांगितलंत, इंडोनेशियाला खरं सांगितलंत, वेळ गेला, नंबर गेला, तरी कुणाला खोटा फाइव्ह नाइन दिला नाहीत. मला तेवढा दिलात. मी त्या लायकीची नव्हते असं म्हणत नाही. पण दोन वर्षं रोज माडीवर येत होते. एकदा, कधीतरी, चहा पिताना, "काडी टेकली होती का गं त्या दिवशी?" एवढंच विचारलं असतंत तर मी सांगितलं असतं. असं आत्ता वाटतं. तेव्हा सांगितलं असतं का, देव जाणे. न विचारून तुम्ही मला खोटं बोलण्यापासून वाचवलंत, असंही असेल. तुमच्याशी भांडताना शेवटी हे असंच व्हायचं. मी जिंकायला लागले की मला तुमचीच बाजू दिसायची.

आज रविवार. संध्याकाळी पाचला आपल्या नेहमीच्या जागेवर, चाळीस मीटरच्या रेडिओ पट्ट्यावर, मास्तर तुमच्यासाठी सगळ्यांना बोलावणार आहेत. बिदर, हुमनाबाद, हुलसूर, लातूर, उदगीर. जे जे तुम्हाला ऐकत होते ते येणार. मास्तर सुरुवात करतील. ते काय म्हणतील मला ठाऊक आहे, कारण जाताना बसमध्ये चढता चढताही तेच म्हणाले. या भागातलं सगळ्यात स्वच्छ सिग्नल, एक दिवस सोडला तर. माणूस मनाचा मोठा, वाईट हेतू नाही, त्यांना वाटतं की चूक कबूल करणारा माणूस सांगितला म्हणजे मोठेपण सांगितलं. पण ऐकणाऱ्यांच्या वहीत तो एक दिवस तुमच्या नावावर पडणार. आणि तो तुमचा नाही.

मास्तरांना फोन करून सांगता आलं असतं. नंबर समोर आहे. तीनदा काढला. पण जे हवेत झालं ते फोनवर पुसलं जात नाही; त्या दिवशी ऐकणारे सगळे होते, आजही सगळे असतील. अक्काला मी काल रात्रीच्या जेवणाआधी सांगितलं. ती भाकरी थापत होती. थापायची थांबली नाही. म्हणाली, "मला कामून सांगायलीस? मास्तरला सांग." मग तुमच्याबद्दल म्हणाली, "त्यांनी मला बी सांगितलं न्हाई बघ. एवढं पोटात ठिवायचं माणसानं?" आणि तव्यावरची भाकरी करपली, तीच तिने स्वतःच्या ताटात घेतली.

आता पाचाला दहा कमी आहेत. सेट चालू केला आहे. गेन बघितला, दोनदा बघितला. पूर्वेकडून अजून काही नाही, नुसती सुरसुर. जवळचं कुणीतरी शिट्टी मारून जागा तपासून गेलं, बहुतेक लातूर. काय बोलायचं ते मी कागदावर लिहून ठेवलं आहे, कारण ऐनवेळी मी लांबण लावीन आणि लांबणीत कारणं शिरतील. दोनच वाक्यं आहेत. "मास्तर, त्या दिवशी गेन मी वाढवला होता. तुम्ही दोनदा सांगितलेलं मला दोन्ही वेळा ऐकू आलं होतं." घड्याळ लावून वाचून पाहिलं, दहा सेकंद लागतात.

अजून बोललेले नाही.